तपकिरी पाणी, पांढरा थर

वाहत्या पाण्यात कार्बन नेहमीच असतो. फक्त त्याचा वेष बदलतो. कुजलेल्या पानामुळांचा अर्क होऊन तो विरघळला की पाणी तपकिरी दिसते. मातीच्या कणांना चिकटून निघाला की पाणी गढूळ होते. कार्बन डायऑक्साइड किंवा मिथेन या वायूंच्या रूपात असला तर पाणी नितळच राहते, मधूनच एखादा बुडबुडा वर येतो एवढेच. आणि खडकाशी झटापट होऊन तो बायकार्बोनेट बनला, तर डोळ्यांना काहीच कळत नाही. पाणी तापवल्यावर पातेल्याच्या बुडाशी पांढरट थर धरतो तेव्हा कुठे त्याचा पत्ता लागतो. यातला कोणता वेष कुठे वरचढ ठरणार, हे तिथला खडक, तिथली ऊब आणि पाणी एका जागी किती काळ थांबते यावर अवलंबून असते. उत्तर ध्रुवाकडच्या थंड दलदलींत तपकिरी अर्काचे राज्य आहे. मराठवाड्याच्या काळ्या कातळावर पांढऱ्या थराचे.

आधी थंड प्रदेश पाहू. कॅनडा, फिनलंड, स्वीडन आणि सायबेरियात मैलोन्‌मैल पसरलेल्या दलदली आहेत. पश्चिम सायबेरियातली वास्युगान ही एकटी दलदल पन्नास हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठी आहे. मराठवाड्याचे आठही जिल्हे एकत्र केले तर भरतात सुमारे ६४ हजार. अशा दलदलींच्या पोटात पीट असते, म्हणजे अर्धवट कुजलेल्या, चिंब भिजलेल्या वनस्पतींचा साठा. (आपल्या रोपवाटिकांत पोत्यांनी मिळणारे कोकोपीट हा नारळाच्या काथ्याचा भुसा असतो, नावापलीकडे दोघांचे नाते नाही.) खऱ्या पीटमध्ये मुख्य वाटा असतो स्फॅग्नम नावाच्या शेवाळाचा. हे शेवाळ स्पंजासारखे पाणी धरून ठेवते, आजूबाजूचे पाणी आंबट करते आणि स्वतः लवकर कुजत नाही. वर्षाकाठी साठ्यात भर पडते ती जेमतेम मिलिमीटरभर, बहुधा त्याहूनही कमी. तरीही हिमयुग ओसरल्यापासूनच्या हजारो वर्षांत कित्येक मीटर जाडीचे थर साचले आहेत. पृथ्वीच्या जमिनीपैकी सुमारे तीन टक्के भागावरच पीट आहे, पण मातीतल्या एकूण कार्बनचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्याने सांभाळला आहे. उत्तरेकडच्या पीटमधला साठा सुमारे ५०० अब्ज टन धरला जातो.

हा साठा कुजून संपत का नाही, याचे पहिले उत्तर म्हणजे ऑक्सिजनचा तुटवडा. हवेत ऑक्सिजन ज्या वेगाने पसरतो त्याच्या दहा हजार पट सावकाश तो साचलेल्या पाण्यात झिरपतो. वरच्या वीतभर थरातले जिवाणू तो संपवून टाकतात, खाली काही उरत नाही. मग तिथे कुजण्याची दुसरी रीत सुरू होते, ऑक्सिजनविना चालणारी. तिच्यातून मिथेन निघतो. गोबरगॅसच्या टाकीत घडते ते हेच. फक्त तिथे शेण असते आणि इथे शेवाळ. ज्यांच्या घरी गोबरगॅस होता त्यांना हेही ठाऊक आहे की पौष-माघात गॅस कमी पडतो, शेगडी मंद जळते. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव थंडीत सुस्तावतात. जिथे वर्षातले सहा महिने जमीन गोठलेली असते, तिथे ही सुस्ती जवळजवळ कायमची. थंड दलदल म्हणजे बाराही महिने माघात अडकलेली गोबरगॅसची टाकी म्हणता येईल.

आता पाणी. पीटचा वरचा हात-दीड हाताचा थर सैल असतो, त्यातून पाणी भराभर सरकते. त्याखालचे पीट दाबून घट्ट झालेले असते आणि तिथले पाणी जवळजवळ हलतच नाही. त्यामुळे हजारो वर्षांपूर्वीचा कार्बन खाली शांत पडून राहतो आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यात उतरतो तो बहुतांशी वरच्या थरातला, अलीकडच्या काळातला अर्क. वसंतात बर्फ वितळले की ओढे एकदम फुगतात. वर्षभरात जेवढा विरघळलेला सेंद्रिय कार्बन बाहेर जातो, त्याचा मोठा भाग या काही आठवड्यांतच निघून जातो. त्या पाण्याचा रंग थेट कोऱ्या चहासारखा असतो आणि कारणही चहासारखेच: वनस्पतींतली टॅनिनसारखी द्रव्ये पाण्यात उतरलेली असतात. एका लिटरमध्ये साधारण दहापासून पन्नास-साठ मिलिग्रॅमपर्यंत सेंद्रिय कार्बन सापडतो.

या पाण्यात वायूही कोंबलेला असतो. थंड पाणी वायू जास्त धरते: शुद्ध कार्बन डायऑक्साइड सोडला तर शून्य अंशाला एक लिटर पाण्यात सुमारे ३.३ ग्रॅम मावतो, २५ अंशाला त्याच्या निम्म्याहूनही कमी. उन्हात राहिलेली सोड्याची बाटली उघडताच फसफसून मोकळी होते ती यामुळेच. दलदलीतून निघालेला ओढा खडकावरून उड्या घेऊ लागला की त्याचेही तसेच होते. पाणी ढवळले जाते, वायू सुटतो. उरलेला तपकिरी अर्क तळ्यांत पोचतो. तिथे ऊन त्याचे मोठे रेणू तोडते, जिवाणू त्या तुकड्यांवर जगतात आणि त्यातलाही बराच कार्बन हवेत जातो.

हा जमाखर्च किती बारीक मांडता येतो याचे एक चांगले उदाहरण कॅनडातल्या ओटावा शहराजवळच्या मेर ब्लू दलदलीचे आहे. तिथे १९९८ पासून सहा वर्षे सलग मोजमाप झाले. दर चौरस मीटरमागे दलदलीने हवेतून वर्षाला सरासरी सुमारे ४० ग्रॅम कार्बन घेतला. त्यातला सुमारे १५ ग्रॅम विरघळून पाण्याबरोबर गेला, जवळपास ४ ग्रॅम मिथेन होऊन उडाला आणि २१ ग्रॅमच्या आसपास शिल्लक राहिला. म्हणजे नुसती हवा मोजून थांबणाऱ्याने शिल्लक जवळजवळ दुप्पट धरली असती. पाण्याच्या वाटेने होणारी गळती ही किरकोळ बाब नव्हे, हे अशा मोजमापांनीच पटवून दिले.

हवामानाशी थेट संबंध नसलेली एक गोष्टही या पाण्याने उघड केली. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून ब्रिटन आणि उत्तर युरोपातली बरीच तळी आणि ओढे अधिकाधिक तपकिरी होऊ लागले. आधी संशय तापमानवाढीवर गेला. पुढे मोठे कारण निघाले ते कारखान्यांच्या धुराड्यांतून येणारे गंधक कमी झाल्याचे. आम्लपावसाने मातीतला सेंद्रिय अर्क जखडून ठेवला होता. पाऊस स्वच्छ झाला आणि अर्क सुटला.

आता मराठवाड्याकडे, चिकलठाण्याला. छत्रपती संभाजीनगराच्या पूर्वेचे हे गाव, आज शहराचाच भाग. विमानतळ आणि औद्योगिक वसाहत ही त्याची नवी ओळख. उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत रोज झळकणारा शहराचा पारा चिकलठाण्याच्या वेधशाळेतला असतो आणि मे महिन्यात तो चाळीस अंश सहज ओलांडतो. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, ऐकणाऱ्याला आधी चिखल आठवतो. पण हा चिखल चार महिन्यांचा पाहुणा. वर्षाचा सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडतो आणि पुढे काळी जमीन वाळून तडकते. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. त्या भेगांतून हवा खोलवर शिरते, वरची माती आत ढासळते, पावसात जमीन फुगून पुन्हा मिटते. काळी जमीन आपली आपणच नांगरली जाते म्हणतात ते यामुळे. जी माती दरवर्षी अशी उघडी पडते आणि वर चाळीस अंशांत भाजते, तिच्यात पीट साचण्याचा प्रश्नच येत नाही.

या जमिनीतला कार्बन कुठे आहे, हे पाहायला प्रयोगशाळा उभारावी लागत नाही. कोणत्याही शेतकऱ्याच्या घरातली माती परीक्षणाची पत्रिका पुरते. तिच्यात एक रकाना असतो सेंद्रिय कर्बाचा आणि दुसरा मुक्त चुनखडीचा. पहिल्यातला आकडा अनेकदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास रेंगाळतो आणि कृषी सहायक शेणखत घाला म्हणून सांगतो. दुसऱ्यातला आकडा सहज पाच टक्क्यांवर जातो, कित्येक ठिकाणी दहाच्याही पुढे. शेतकऱ्याच्या दृष्टीने पहिला आकडा हवाहवासा आणि दुसरा नकोसा, कारण जास्त चुनखडीच्या जमिनीत लोह-जस्त पिकाला मिळत नाही, पाने पिवळी पडतात. पण कार्बन दोन्ही रकान्यांत आहे. सायबेरियातल्या जमिनीची अशी पत्रिका निघाली असती तर पहिला रकाना ओसंडला असता आणि दुसरा कोरा राहिला असता.

चुनखडीचा कार्बन आला कुठून, याची गोष्ट मृगाच्या पहिल्या पावसापासून सुरू होते. कोरड्या मातीवर पहिली सर पडली की सुगंध येतो, तसाच न दिसणारा आणखी एक श्वासही बाहेर पडतो. महिनोन्‌महिने निपचित पडलेले सूक्ष्मजीव ओल मिळताच जागे होतात, मेलेल्या सोबत्यांचा फडशा पाडतात आणि काही तासांत कार्बन डायऑक्साइडचा मोठा लोट सुटतो. पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करणाऱ्या बर्च या शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. पाऊस लागून राहिला आणि पिकांच्या मुळ्या वाढल्या की मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहापट ते शंभरपट होते. मुरणारे पाणी तो वायू घेऊन सौम्य कार्बोनिक आम्ल बनते आणि मुरमातून खाली उतरत काळ्या पाषाणाला भिडते.

हा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर, आज जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले. त्यातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. आम्लाचे पाणी ही खनिजे कुरतडते, कॅल्शियम सुटे होते आणि वायूचे बायकार्बोनेट होते. विहिरीच्या तळाशी पोचते ते हे पाणी: चवीला जड, दिसायला काचेसारखे स्वच्छ. ग्रॅनाइटच्या मानाने बेसाल्ट फार लवकर झिजतो. पृथ्वीच्या जमिनीवर त्याचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास, पण सिलिकेट खडकांची झीज हवेतला जेवढा कार्बन डायऑक्साइड शोषते त्यातला सुमारे एक तृतीयांश हिस्सा बेसाल्टचा असल्याचा अंदाज आहे. ऊन आणि पाऊस एकत्र आले की ही झीज वाढते. थंडीने उत्तरेत कार्बन जपून ठेवला, तर इथे उबेने त्याला खडकाच्या कामाला जुंपले.

मराठवाड्यातल्या विहिरी आणि बोअरच्या पाण्यात लिटरमागे काहीशे मिलिग्रॅम बायकार्बोनेट असणे अगदी नेहमीचे. समजा ते ३०० मिलिग्रॅम आहे. बायकार्बोनेटच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा कार्बनचा, म्हणजे लिटरमागे ६० मिलिग्रॅमच्या घरात कार्बन झाला. फिनलंडच्या ओढ्यातल्या गडद तपकिरी पाण्यात असतो तेवढाच, किंबहुना थोडा जास्त. डोळ्यांवर विसंबले तर तपकिरी पाण्यात कार्बन आहे आणि नितळ पाण्यात नाही असे वाटेल. डोळे इथे साफ फसतात.

जीभ आणि हात मात्र फसत नाहीत. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बंबाच्या नळीत पांढरी साय धरते. पाणी तापले की त्यातल्या बायकार्बोनेटची फाळणी होते: अर्धा कार्बन वायू होऊन वाफेबरोबर निघून जातो, अर्धा कॅल्शियमशी जोडी जमवून भांड्याला चिकटतो. त्या थरावर लिंबू पिळले तर बारीक फसफस ऐकू येते. चिकटलेला अर्धा कार्बनही तेव्हा हवेत जातो. कधीतरी एखाद्या मुळाने सोडलेला श्वास कातळातून, विहिरीतून आणि बंबातून फिरून असा स्वयंपाकघरात सुटतो.

शेतात हेच काम सूर्य करतो. पावसाळ्यानंतर मातीतले पाणी वर खेचले जाऊन वाळते, वायू उडतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचे खडे मागे राहतात. हीच काळ्या मातीतली चुनखडी. पूर्वी अशी चुनखडी वेचून भट्टीत भाजत आणि बांधकामाचा चुना करत. चुना भिंतीत बसला की हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो, म्हणजे भट्टीत उडालेला वायू भिंत परत मागून घेते.

सगळे पाणी विहिरीत मुरत नाही. बाकीचे ओढ्यानाल्यांना लागते. चिकलठाण्याजवळून सुखना नदी वाहते. शहराच्या जुन्या भागातून खाम. पावसाचे चार महिने सोडले तर या नद्यांत वाहणाऱ्या पाण्यात मोठा वाटा सांडपाण्याचा असतो. त्यातला कार्बन ताजा: कालच्या भाकरीचा, साबणाचा, मोरीतल्या खरकट्याचा. तो खाताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि संथ डोहांत उत्तरेच्या दलदलीसारखीच ऑक्सिजनविना कुजण्याची रीत सुरू होते. फरक वेगाचा. तिथे जे थंडीत शतकानुशतके रखडते, ते इथे वैशाखात काही दिवसांत उरकते. काळ्या चिखलातून वर येणारे बुडबुडे मिथेनचे असतात, आणि नाकाला झोंबणारा सडक्या अंड्यांचा वास गंधकाचा. मिथेनला स्वतःला वास नसतो. पाण्यावर पसरलेली जलपर्णी हवेतला कार्बन घेऊन झपाट्याने वाढते खरी, पण मेली की तोच माल तळाच्या चिखलाला खाद्य म्हणून जातो.

खामचे पाणी शेवटी नाथसागरात जाते. पैठणच्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्यही आहे. पूर्ण भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो आणि २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी धरतो. भागाकार केला तर सरासरी खोली आठ मीटरांच्या आसपास येते. एवढ्या अवाढव्य जलाशयाच्या मानाने ही खोली म्हणजे परातच. परातीतले पाणी तापते लवकर आणि उडतेही लवकर. उथळ, उबदार पाण्यात शैवाल माजते, दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि त्यामुळे पाण्यातला चुना खाली बसू लागतो. रात्री श्वसन उलटे चालते. नदी इथे थबकते, तशी तिने आणलेली मातीही. मातीच्या कणांना चिकटलेला कार्बन गाळात जातो, काही गाडला जातो, काही मिथेन होऊन वर येतो.

हिवाळा सरला की पाणी मागे हटते आणि काठावर मैलभर गाळ उघडा पडतो. या गाळपेर जमिनीत लोक हरभरा, गहू, कलिंगड घेतात. कार्बनच्या दृष्टीने ही काठाची पट्टी धरणाचा सर्वांत चंचल भाग आहे. पाण्याखाली असताना तिथून मिथेनचा धोका, उघडी पडली की ऑक्सिजन शिरून कार्बन डायऑक्साइडची भर. जलाशयांचा हिशेब पूर्वी पाण्याच्या पृष्ठभागापुरताच मांडला जाई. उघड्या पडणाऱ्या गाळाकडे अभ्यासकांचे लक्ष जरा उशिराच गेले. लहान तलावांतला गाळ ट्रॅक्टरने शेतात नेण्याची रीत मात्र जुनी आहे. राज्य शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाने तिची योजना केली. शेतातून वाहून गेलेला सेंद्रिय कर्ब अशा वेळी भाड्याच्या वाहनाने घरी परततो.

पाण्याला बाहेर पडायची वाटच नसेल तर काय होते, ते बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला दिसते. अशनीच्या आघाताने बेसाल्टात पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. भोवतालच्या कातळातून झरणारे बायकार्बोनेटचे पाणी आत येते आणि वाफेखेरीज कुठूनच जात नाही. कॅल्शियम आधी चुना होऊन खाली बसते. मग उरलेल्या कार्बोनेटला जोडीदार मिळतो सोडियम, आणि सोडियमचा हा क्षार पाण्यात विरघळलेलाच राहतो. युगानुयुगे असे आटत आटत पाण्याचा सामू दहाच्या आसपास पोचला. उत्तरेच्या पीटमधले पाणी चारच्या आसपास, आंबट. लोणारचे पाणी धुण्याच्या सोड्यासारखे. पूर्वी उन्हाळ्यात काठावर जमणारा क्षार गोळा केला जाई आणि प्रतवारीनुसार त्याला डल्ला, खुप्पल, पापडी अशी नावे होती. एवढ्या तिखट पाण्यातही स्पिरुलिनासारखे निळे-हिरवे सूक्ष्मजीव दाट वाढतात, कारण त्यांना कार्बनची ददात नसते. तळाच्या चिखलात मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव आहेत आणि तो खाऊन जगणारेही. जून २०२० मध्ये पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि सरोवर गुलाबी झाले. तो रंग क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. गोदावरी-कादवा संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातले पहिले रामसर स्थळ. तिथला पाणथळ प्रदेशही बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळातूनच घडला.

गोदावरीला मात्र वाट मोकळी आहे. त्र्यंबकेश्वरहून निघून सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत ती बंगालच्या उपसागरात उतरते आणि मराठवाड्याचा कार्बन दोन वेषांत समुद्राला देते. बायकार्बोनेट हा पहिला. समुद्रात शंख-शिंपल्यांचे आणि सूक्ष्म जीवांचे कवच त्याच्यापासून बनते. कवच बनताना निम्मा कार्बन पुन्हा वायू होतो आणि निम्मा तळाशी बसतो. बेसाल्टाच्या झिजेतून आलेल्या बायकार्बोनेटचा कार्बन मुळात हवेतलाच असल्याने, त्यातला निम्मा तरी दीर्घ काळासाठी हवेतून वजा होतो. चुनखडीचा खडा विरघळून आलेल्या बायकार्बोनेटने तेवढीही वजाबाकी होत नाही, कारण त्याचा निम्मा कार्बन दगडातूनच आलेला असतो.

दुसरा वेष मातीचा, पुराच्या लाल-काळ्या पाण्यातला. नदीमुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या लांब नळकांड्यात गेल्या हजारो वर्षांचा हा माल थरांनी लागलेला आहे. त्यावरचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही हजार वर्षांपूर्वी मोसमी पाऊस कमजोर पडू लागला, तेव्हा गोदावरीने समुद्रात नेलेली माती कमी न होता वाढली. झाडोरा विरळ झाला होता, माती धरून ठेवायला मुळ्या नव्हत्या आणि जो पाऊस पडे तो उघड्या जमिनीवर पडे. पुढे दख्खनच्या पठारावर शेती आली, लोहयुगात ती पसरली आणि धूप आणखी वाढली. थरांतल्या सेंद्रिय कार्बनचे वय मोजल्यावर असेही दिसले की या काळात समुद्रात पोचणारा कार्बन अधिकाधिक जुना होत गेला. वरची ताजी माती आधीच गेली होती आणि नदी आता खालचे, फार पूर्वी गाडले गेलेले थर खरवडत होती.